दहा मीटर एअर रायफल: आधी अंगाला बसवा, मग पेलेट निवडा

क्लबवर महिन्यातनं एकदा तरी कुणी पालक पेलेटचा (शिशाच्या छऱ्यांचा) डबा हातात घेऊन येतात आणि विचारतात, ताई, ह्याने ग्रुप येत नाहीये (म्हणजे शॉट एकमेकांजवळ पडत नाहीयेत), दुसरी कुठली कंपनी घेऊ? मी डब्याकडे बघतच नाही. पोराला म्हणते जॅकेट घाल, रायफल उचल, डोळे मिट, मान सैल सोड आणि आता उघड. दहातल्या आठ वेळा साईटमध्ये टार्गेटच नसतं, काळा अर्धचंद्र दिसतो नाहीतर नुसती रिंगची कड. म्हणजे रायफल अंगाला बसलेलीच नाही आणि आपण पेलेट बदलतोय. अडीच-तीन लाखांची रायफल कंपनीतनं जशी आली तशीच वापरणारी मुलं मी बघितलीत, आणि यूट्यूब बघून एका दुपारी सगळे स्क्रू फिरवून बसलेलीही बघितलीत. दोन्हीचा निकाल सारखाच लागतो.

म्हणून क्रमाने लिहिते. हा क्रम उलटा केला तर पुढची पायरी मागच्या पायरीला बिघडवते, आणि जवळजवळ सगळे हा क्रमच उलटा करतात. सगळं उजव्या हाताने मारणाऱ्यासाठी लिहिलंय, डावखुऱ्यांनी आरसा करून वाचा. रायफल कुठलीही असो, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, आन्शुट्झ, स्टायर, स्क्रूच्या जागा बदलतात, क्रम तोच राहतो.

१. तयारी: स्क्रूला हात लावायच्या आधी

तीन दिवस काढा. एक दिवस फिटिंगला, एक दिवस नुसतं मारून बघायला, एक दिवस पेलेट टेस्टला. एका संध्याकाळी सगळं उरकायला गेलात तर हात दमतो आणि दमलेल्या हाताला जे बरं वाटतं तेच सेटिंग होऊन बसतं.

जवळ काय हवं: रायफलसोबत आलेल्या ॲलन की (बाजारातल्या स्वस्त नकोत, स्क्रूची डोकी खाऊन टाकतात), व्हर्नियर कॅलिपर, बारीक टोकाचा मार्कर, पांढरी चिकटपट्टी, वही, आणि एक बघणारा माणूस. हा माणूस फार महत्त्वाचा. स्वतःची मान वाकडी आहे हे स्वतःला कळत नाही.

सगळ्यात आधी आत्ताचं सेटिंग लिहून घ्या. बटप्लेट (खांद्याला टेकणारी मागची पट्टी) किती बाहेर आहे, किती खाली आहे, चीकपीस (गाल टेकायची पट्टी) किती वर आहे, ट्रिगर कुठल्या खुणेवर आहे, सगळं मोजून वहीत, आणि मोबाईलवर दोन्ही बाजूंनी फोटो. हे न करता सुरुवात केली तर परतीचा रस्ता नाही. एका मुलाने असंच केलं आणि स्पर्धेच्या आधी आठ दिवस तो जुनं सेटिंग शोधत बसला होता, शेवटपर्यंत नाही सापडलं.

रेंज घरी असेल तर टेपने दहा मीटर मोजा, टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर आणा आणि टार्गेटवर भरपूर उजेड ठेवा (नियमात किमान १५०० लक्स आहे). टार्गेटमागे पेलेट पकडणारी लोखंडी पेटी हवी, आणि मागच्या बाजूला दार असेल तर त्याला आतनं कडी.

> सावधान: फिटिंगच्या पूर्ण दिवशी नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी आहे हे दाखवणारी रंगीत दोरी) घालून ठेवा आणि पेलेटचा डबा खोलीबाहेर ठेवा. ड्राय फायर (पेलेट न भरता ट्रिगर ओढणं) करतानाही नळीचं तोंड टार्गेटकडेच. आणि ही रायफल पाखरांवर वगैरे कधीच नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे, मुलांच्या कानावर हे पहिल्या दिवशीच घाला.

२. आधी शरीर, रायफल नंतर

जॅकेट, पँट, बूट, ग्लोव्ह, सगळं घाला. टी-शर्टवर केलेलं फिटिंग जॅकेट घातल्यावर फुकट जातं, कारण खांद्यावरचे कापडाचे थरच लांबी बदलून टाकतात. ही चूक इतकी साधी आहे आणि तरी दर बॅचला दोघं-तिघं करतातच.

टार्गेटकडे डावी बाजू करून उभे राहा, पाय खांद्याएवढे लांब, वजन दोन्ही पायांवर साधारण सारखं. कंबर थोडी टार्गेटकडे पुढे, पाठ थोडी मागे. डावा कोपर कंबरेच्या हाडावर टेकला पाहिजे, म्हणजे रायफलचं वजन हातातनं हाडावर, हाडातनं पायात आणि पायातनं जमिनीत जातं. कोपर हवेत असेल तर सगळं वजन दंडाच्या स्नायूवर येतं आणि विसाव्या शॉटला हात थरथरायला लागतो.

बारीक किंवा लहान हाताच्या मुलांचा कोपर हाडापर्यंत पोचत नाही, मग ती कंबर वाकडी करून त्याला भेटायला जातात. तसं करायला लावू नका. पुढच्या तिसऱ्या पायरीत फोरएंड (डावा हात टेकतो तो रायफलचा पुढचा भाग) खाली आणून रायफलच हाताला भेटवायची. सध्या रिकाम्या हाताने तळवा, मूठ, दोन बोटांचा चिमटा, ह्यातल्या कुठल्या आकारात हात सैल राहतो ते बघून ठेवा.

३. बटप्लेट आणि फोरएंड

ह्या पायरीवर घाई करू नका, पुढचं सगळं ह्यावर उभं आहे.

*लांबी.* म्हणजे ट्रिगरपासून बटप्लेटपर्यंतचं अंतर. अंदाजे सुरुवात अशी: उजवा कोपर काटकोनात वाकवा, बट कोपराच्या खोबणीत टेकवा, पहिल्या बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर आलं पाहिजे. ही फक्त सुरुवात आहे, शेवट नाही. मग उभं राहून बघा. लांबी जास्त असेल तर उजवा खांदा मागे ओढला जातो आणि मुलगा मान पुढे ताणून साईट शोधतो. कमी असेल तर दोन्ही खांदे वर येतात, गोगलगाय होते. एका वेळी पाच मिलिमीटरच हलवा, आणि प्रत्येक बदलानंतर दहा वेळा उचला, खाली ठेवा.

इथली नेहमीची चूक सांगते. डोळा साईटच्या फार जवळ येतोय म्हणून लांबी वाढवतात. अरे, डोळ्याचं अंतर हवं असेल तर मागची साईट रेलवर पुढे सरकवा ना! लांबी खांद्यासाठी आहे, डोळ्यासाठी नाही.

*उंची.* कंपनीतनं बटप्लेट साधारण मध्यावर येते, आणि उभ्या पोझिशनला ती बहुतेकांना वरच पडते. रायफल खांद्यावर खाली बसते, मग डोकं तिच्यापर्यंत खाली जातं, मान वाकते. बटप्लेट खाली सरकवली की रायफल वर येते आणि डोकं सरळ राहतं. बघणाऱ्या माणसाने समोरून आणि बाजूने बघायचं: दोन्ही डोळे आडव्या रेषेत आहेत का, हनुवटी छातीकडे चाललीय का. मान वाकलेली असेल तर डोळा भुवईखालून बघतो आणि तिसाव्या-चाळिसाव्या शॉटनंतर धूसर दिसायला लागतं, मग लोक चष्म्याचा नंबर तपासायला जातात.

बट टेकते कुठे तेही बघा. दंडाच्या गोलाईवर नाही, आत, गळ्याच्या हाडाचं टोक आहे त्या बाजूला. खालचा हुक काखेत घट्ट रुतत असेल तर थोडा बाहेर फिरवा, रुतला की नाडीचा ठोका साईटमध्ये दिसतो.

*फोरएंड.* डावा हात ठरवलेल्या आकारात, कोपर हाडावर, आणि रायफल खांद्यात. आता नळी टार्गेटच्या वर बघतेय का खाली? थोडा फरक असेल तर हात पुढे-मागे करून जुळवा (हात मागे घेतला की नळी वर जाते). फरक मोठा असेल तर फोरएंडचा ब्लॉक खाली-वर करा.

वजनाबद्दल: नियमात रायफल ५.५ किलोपर्यंत चालते म्हणून लोक पुढे वजनं लावतात. नवीन मुलांनी पहिले सहा महिने जास्तीचं काही लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे वजन असलं की होल्ड (रायफल स्थिर धरणं) शांत दिसतो हे खरं, पण तो पहिले वीस शॉट, आणि स्पर्धा साठ शॉटची आहे.

> तपासा: रायफल दहा वेळा खाली ठेवून पुन्हा उचला, चीकपीसला गाल न लावता. दहाही वेळा बट त्याच जागी बसली आणि खांदे सैल असले तरच पुढे जा. जागेवर चिकटपट्टी लावून मार्करने रेघ मारा.

४. ग्रिप आणि ट्रिगरची जागा

ही पायरी पटकन होते. मनगट सरळ, ग्रिप हस्तांदोलन करतो तेवढ्या दाबाने, आणि बोट ट्रिगरला काटकोनात. पहिल्या पेराचा मधला गादीचा भाग ट्रिगरवर. बोट तिरकं पडत असेल तर ट्रिगरचं पातं रेलवर पुढे-मागे सरकवा, ग्रिपवरचा हात सरकवू नका. बोटाचा मधला भाग लाकडाला किंवा ॲल्युमिनियमला घासत असेल तर शॉट बाजूला जातात.

५. चीकपीस शेवटी

लोक सगळ्यात आधी चीकपीस फिरवतात, कारण त्याचा स्क्रू हाताशी असतो आणि 'दिसत नाही' ही तक्रार सगळ्यात आधी येते. पण बट हलली की चीकपीस परत चुकणारच.

पद्धत: उभे राहा, रायफल खांद्यात, डोळे मिटा. गाल आपोआप जिथे उतरेल तिथे उतरू द्या, डोक्याचं वजन त्यावर सोडा. डोळे उघडा. मागच्या साईटच्या मधोमध पुढची रिंग (पुढच्या साईटमधली गोल कडी) दिसली पाहिजे. रिंग वर सरकलेली दिसतेय म्हणजे डोळा वर आहे, चीकपीस खाली घ्या. खाली दिसतेय म्हणजे डोळा खाली आहे, चीकपीस वर. डावी-उजवीकडे दिसत असेल तर चीकपीस आडवं सरकवा. एका वेळी एक-दोन मिलिमीटर, त्याहून जास्त नाही.

मागच्या वर्षी नववीतली एक मुलगी यायची, शॉट एकसारखे चांगले आणि अचानक एखादा आठ. तिच्या गालावर बघितलं तर प्रॅक्टिसनंतर लालभडक वळ, जबड्याच्या हाडाखाली. ती गाल टेकवत नव्हती, दाबत होती, कारण चीकपीस चार मिलिमीटर वर होतं आणि डोळा खाली आणायला तिला जोर लावावा लागत होता. ज्या शॉटला जोर कमी पडला तो आठ. चीकपीस खाली आणलं, वळ गेला, आठही गेले. तेव्हापासनं मी प्रॅक्टिस संपली की मुलांचे गाल बघते. फिकट गुलाबी, गालफडाच्या हाडाखाली, रोज त्याच जागी असा डाग असेल तर बरोबर.

साईट डोळ्यापासून तीन-चार बोटं लांब. अगदी चिकटवून ठेवू नका, पापणी लागते आणि डोळा त्या भीतीने मिटतो.

६. साईट: रिंग मोठी घ्या

टार्गेटवरचा काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा आहे. तुमची पुढची साईट डोळ्यापासून एक मीटरवर असेल तर काळं तिथे तीन मिलिमीटरच्या जरासं वर दिसतं. आता ३.४ ची रिंग लावली तर चारी बाजूंनी पांढरं उरतं जेमतेम पाव मिलिमीटरच्या आत. नवीन मुलाचा होल्ड तेवढा स्थिर नसतो, काळं सारखं रिंगला शिवतं, मन घाबरतं आणि ट्रिगर 'आत्ता' म्हणून ओढला जातो. ४.० ते ४.२ पासनं सुरू करा. मोठ्या रिंगमध्ये मधोमध शोधणं डोळ्याला सोपं जातं, ऐकायला उलटं वाटतं पण करून बघा.

मागचा आयरिस (मागच्या साईटचं लहान-मोठं करता येणारं भोक) १.१ मिलिमीटरच्या आसपास. अंधाऱ्या हॉलमध्ये थोडा उघडा. फार लहान केला तर सगळं काळवंडतं.

क्लिकची दिशा हा घोळ तर कायमचा. जर्मन बनावटीच्या बऱ्याच साईटवर एच म्हणजे 'वर', आणि त्याचा अर्थ असा असतो की शॉट वर लागतायत तर इकडे फिरवा. टेलिस्कोप वापरलेला माणूस उलटं समजतो आणि दुप्पट वर जातो. अंदाज नको: पाच शॉट मारा, दहा क्लिक एका बाजूला फिरवा, पुन्हा पाच मारा, ग्रुपच्या मध्यातलं अंतर मोजून दहाने भागा. एका क्लिकला किती मिलिमीटर आणि कुठल्या दिशेला, हे वहीच्या पहिल्या पानावर.

> सावधान: एका शॉटवर क्लिक देऊ नका. किमान पाच बघा.

७. ट्रिगर किती हलका

एअर रायफलला ट्रिगरच्या वजनाची खालची मर्यादा नियमात नाही, म्हणून पोरं तीस ग्रॅमवर आणतात आणि मिरवतात. स्पर्धेत हात थंड पडतो, बोट बधिर होतं आणि रायफल वर येतानाच शॉट सुटतो. ८० ते १०० ग्रॅमपासून सुरू करा. दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये पहिल्या टप्प्याला वजन जास्त, दुसऱ्याला थोडं, आणि दोन्हींच्या मधली भिंत बोटाला स्पष्ट लागली पाहिजे.

> तपासा: ड्राय फायर मोडवर, पेलेट नसताना, ट्रिगर तयार ठेवून बटवर तळहाताने हलकी थाप द्या. सुटला तर सेटिंग धोकादायक आहे, लगेच वजन वाढवा.

८. मधला दिवस: काहीही न बदलता मारा

आता फक्त मारायचं. आधी रायफलची नैसर्गिक दिशा (नॅचरल पॉइंट ऑफ एम, आमच्याकडे सगळे एनपीए म्हणतात): पोझिशन घ्या, डोळे मिटा, तीन श्वास, उघडा. रिंग काळ्याच्या डावीकडे असेल तर पाय फिरवून सगळं अंग उजवीकडे न्या. हाताने ढकलून आणू नका, ढकललेली रायफल शॉट सुटताना परत आपल्या जागी जाते.

चाळीस शॉट, जुन्याच पेलेटने, प्रत्येक दहानंतर दोन ओळी: मान कशी आहे, डावा हात कसा आहे, कुठे दुखतंय. स्कोअर ह्या दिवशी बघू नका. नवीन फिटिंगने पहिले दोन-तीन दिवस स्कोअर पडतोच, शरीराला सवय व्हायची असते, आणि बरेच जण तिथेच घाबरून सगळं जुनं करून टाकतात. आठवडाभर तरी द्या. तेरा ते सोळा वयाची मुलं भराभर उंच होतात, त्यांचं फिटिंग तीन-चार महिन्यांनी परत तपासायचं.

९. हवा

पेलेट टेस्टच्या आधी हवा तपासा, नाहीतर सिलिंडरचा (रायफलला जोडलेल्या दाबलेल्या हवेच्या नळकांड्याचा) दोष पेलेटच्या माथी जातो.

सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, बनवल्यापासून दहा वर्षांनी तो बाद. जुनी रायफल विकत घेताना लोक नळी बघतात, ट्रिगर बघतात आणि ही तारीखच बघत नाहीत. मी स्वतः एकदा अशी फसले, विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, तपासणीच्या टेबलावर कळलं.

भरताना हळू भरा, झपाट्याने भरला की गरम होतो, काटा २०० बार दाखवतो आणि थंड झाल्यावर खाली येतो. सिलिंडरवर लिहिलेल्या दाबाच्या वर कधीच नाही. हवा कोरडी आणि फिल्टर केलेली. जोडणीला तेल-ग्रीस लावायचं नाही.

> सावधान: ऑक्सिजनच्या नळकांड्यातनं कधीही, कुठल्याही कारणाने भरू नका. स्फोट होतो. भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, विदर्भातल्या मे महिन्यात तर मुळीच नाही.

क्रोनोग्राफ (पेलेटचा वेग मोजणारं यंत्र) क्लबवर असेल तर दहा शॉटचा वेग घ्या. ह्या रायफली साधारण १७० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास मारतात. १७० आणि १७३ ह्या दोन वेगांत दहा मीटरवर पेलेट पडण्यात जवळजवळ ०.६ मिलिमीटरचा फरक येतो. दशांश स्कोअरमध्ये (१०.१, १०.२ असे गुण) प्रत्येक पायरी ०.२५ मिलिमीटरची असते, म्हणजे दोन दशांश तर फक्त वेगात गेले. दहा शॉटमध्ये वेग तीन-चार मीटरने वरखाली होत असेल तर रायफल सर्व्हिसिंगला पाठवा, पेलेट टेस्ट करून उपयोग नाही.

१०. पेलेट टेस्ट

आपली काडतुसं स्वतः भरणारे परदेशातले लोक दारू, बुलेट, काडतुसाची केस सगळं जुळवत बसतात. आपल्याकडे एअर रायफलला दोनच गोष्टी हातात असतात: पेलेटच्या डोक्याचा व्यास आणि लॉट. पण त्या दोन नीट केल्या तर पुरतं.

व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असे मिळतात. कुठला 'चांगला' असा प्रश्नच नाही, नळी ठरवते. एकाच कंपनीच्या एकाच वर्षीच्या दोन रायफलींना वेगवेगळे व्यास आवडलेले मी बघितलेत. लॉट म्हणजे डब्याच्या स्टिकरवरचा नंबर. नाव तेच, व्यास तोच, लॉट वेगळा, तर ती तुमच्या नळीसाठी वेगळीच पेलेट समजा.

*टेस्टची तयारी.* चार लॉट घ्या, प्रत्येकी एक डबा. रायफल शिकंज्यात बसवा, पकड स्टॉकला किंवा रिसीव्हरला (नळी बसते तो धातूचा भाग), नळीला कधीच नाही. शिकंजा नसेल तर बसून पुढे-मागे वाळूच्या पिशव्यांवर, पण मग मारणारा अनुभवी हवा. उभ्याने पेलेट टेस्ट करू नका, त्यात पेलेटची नाही तुमची टेस्ट होते. नळी आदल्या दिवशी फेल्टने साफ केली असेल तर आधी वीस-तीस शॉट मारून टाका, साफ नळी लगेच नीट मारत नाही.

*क्रम.* लॉटला अ, ब, क, ड नावं द्या. प्रत्येक ग्रुपच्या आधी पाच शॉट सोडून द्यायचे, मग नवीन कार्डावर दहाचा ग्रुप. पहिली फेरी अ-ब-क-ड, दुसरी ड-क-ब-अ, तिसरी ब-ड-अ-क. असं उलटंसुलटं का, तर शेवटी दाब कमी झालेला असतो, हात दमलेला असतो, आणि दर वेळी शेवटी येणाऱ्या लॉटवर अन्याय होतो. एकूण १८० शॉट. काटा १०० बारवर आला की भरून घ्या, आणि भरल्यावर पाच मिनिटं थांबा.

कार्डामागे घट्ट पुठ्ठा लावा म्हणजे भोक स्वच्छ कापलं जातं. ग्रुपची सगळ्यात लांब बाहेरची कड ते कड व्हर्नियरने मोजा, त्यातनं ४.५ वजा करा, उरलं ते पेलेटच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर.

*वाचायचं कसं.* माझ्या वहीतलं एक पान सांगते. अ लॉट: ६.१, ६.४, ६.२. ब लॉट: ५.७, ७.९, ६.८. सगळ्यात छोटा ग्रुप ब चा, ५.७, आणि त्या मुलाचे वडील त्याच कार्डाचा फोटो काढून ब चे दहा डबे मागवायला निघाले होते. सरासरी बघा: अ ६.२३, ब ६.८. आणि सरासरीपेक्षा मोठी गोष्ट, ब चा एक ग्रुप ७.९ आहे, म्हणजे वजा करून ३.४ मिलिमीटर पसरट. पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून २.५ मिलिमीटरच्या आत असला तर दहा मिळतात. नुसत्या पेलेटनेच १.७ इकडे, १.७ तिकडे खाल्ले तर तुमच्या होल्डला उरलं काय? आम्ही अ घेतला.

एक सुंदर ग्रुप हा योगायोग असू शकतो. तिन्ही सारखे आले पाहिजेत. दोन लॉट अगदी जवळ आले तर त्या दोघांचीच आणखी तीन-तीन ग्रुपची फेरी घ्या, किंवा जो सहज मिळतोय तो घ्या.

*वजन करायचं का?* करायचं असेल तर डब्यातल्या वीस पेलेट मिलिग्रॅमच्या काट्यावर मोजा. रायफलच्या पेलेट ०.५३ ग्रॅमच्या आसपास असतात, दहा मिलिग्रॅमचा फरक टार्गेटवर साधारण एक तृतीयांश मिलिमीटर होतो. वीसमध्ये एवढी तफावत दिसली तर तो डबा सरावाला. पण रोज रात्री पाचशे पेलेट तोलत बसणारी मुलं मला पटत नाहीत, तो वेळ ड्राय फायरला द्या. त्यापेक्षा प्रत्येक पेलेट भरताना घागरा (मागची पातळ कड) वाकलाय का ते बघा, वाकलेली बाजूला टाका.

> सावधान: शिसं आहे. पेलेट तोंडात धरायची नाही, रेंजवर खायचं नाही, झाल्यावर साबणाने हात. घरात लहान भावंडं असतील तर डबा वर, बंद कपाटात.

११. विकत घेणं आणि सांभाळणं

लॉट ठरला की त्याच दिवशी मागवा, आणि विक्रेत्याला लॉट नंबर लिहून पाठवा, फोनवर सांगू नका. डबे आले की फोडायच्या आधी स्टिकर तपासा. रोज ऐंशी शॉट धरले तर पाचशेचा डबा आठवडाभरही पुरत नाही, हंगामाचा हिशोब आधीच करा. बजेट कमी असेल तर टेस्ट केलेला लॉट स्पर्धा आणि शेवटच्या पंधरा दिवसांसाठी ठेवा, रोजच्या सरावाला साध्या चालतात, फक्त झिरो (शॉट मधोमध लागतील अशी जुळवलेली साईट) परत बघायला विसरू नका.

डबा पडला तर सगळ्या पेलेट एकमेकांवर आपटून घागरे वाकतात, पडलेला डबा सरावाचा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. पांढरी भुकटी धरलेल्या पेलेट नळीत घालू नका.

१२. शेवटचं झिरो आणि कुलूप

निवडलेल्या लॉटने, पूर्ण पोझिशनमध्ये, स्पर्धेच्या वेळी असतो तसा उजेड ठेवून दहा-दहाचे तीन ग्रुप मारून साईट मधोमध आणा. शिकंज्यातलं झिरो चालत नाही, खांद्यावर रायफल वेगळी उडते.

मग सगळे स्क्रू पुस्तकात दिलेल्या जोराने आवळा, प्रत्येक स्क्रूवर मार्करची एक रेघ स्क्रूवरून स्टॉकवर अशी मारा, म्हणजे प्रवासात सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. वहीत तारखेसह सगळी मापं, लॉट नंबर, रिंगचा आकार, ट्रिगरचं वजन. त्या पानाचा फोटो आईबाबांच्या मोबाईलवरही ठेवा. स्पर्धेच्या हॉलमध्ये पोचलात की आधी रेघा बघा, मग सिलिंडरचा काटा, आणि १५ मिनिटांच्या साइटिंगमध्ये साईटच्या क्लिकशिवाय दुसऱ्या कशालाही हात लावू नका.